सात सुपांची सरासरी

रविवारी दुपारी मुलीला आपल्या हातचं सूप करून घालायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं याहून मोठे निर्णय घेतात आणि सुखानं जगतात. मला ते कधी जमलेलं नाही. (चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, पण दाराला कुलूप लावलं की नाही हे पाहायला मी अजूनही निम्म्या जिन्यातून परत येतो.)

झालं असं, की हिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलगी त्याच दिवशी धावत आली. तिनं स्वयंपाकघर पाहिलं, मला पाहिलं, आणि आता दोघांनी कायमचं तिच्याकडे राहायला यायचं, हे घर बंद करायचं, असं सांगून टाकलं.  ही खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत राहिली. मुलीच्या लेखी हे घर म्हणजे दोन जिने आणि एक रुसका गिझर. हिच्या लेखी एकेचाळीस वर्षं. ते बघवेना, म्हणून मी बोलून गेलो, "मी करीन की स्वयंपाक."

मायलेकी एकदमच हसल्या. मग मुलीनं अट घातली. रविवारी ती आणि जावई जेवायला येणार. आईनं एक शब्द सांगायचा नाही, मी एकट्यानं खाण्याजोगं काहीतरी करायचं. जमलं तर इथंच राहा. नाही जमलं, तर सोमवारी टेम्पो.

हिनं वर्षानुवर्षं कापून ठेवलेल्या कात्रणांत भाज्यांच्या सुपाच्या सात कृती निघाल्या. शहाण्या माणसानं त्यातली एक उचलली असती. पण कुठली? सहा कृती चुकीच्या असल्याशिवाय सातवी बरोबर कशी? मला दोन रात्री झोप नाही. शेवटी आयुष्यभर जे केलं तेच केलं. सातही कृतींची सरासरी काढली.

सरासरी सुपात एकतीस जिन्नस होते. एका कृतीत दूध होतं, दुसरीत लिंबू. ते दोन्ही आले. दाटपणासाठी कुणी बटाटा सांगितला होता, कुणी मका, कुणी ओट्स, कुणी पाव. ते सगळे आले. शिजवण्याचा वेळ आला एकावन्न मिनिटं. खरी पंचाईत मिठाची झाली. सहा जणांनी 'चवीपुरतं' लिहिलं होतं, आणि त्याची सरासरी निघत नाही. आकडा होता एकाच कृतीत, कुठल्याशा वसतिगृहाच्या मेसच्या: दीड वाटी. किती माणसांसाठी, ते कात्रीत गेलेलं. दीड वाटी मला जास्त वाटली. पण माझं वाटणं हा काही पुरावा नव्हे. नकोसा आकडा गाळला म्हणून मी मुलांना नापास केलेलं आहे. घातलं.

ही बाहेरच्या खोलीत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. मुलाची तोंडी परीक्षा चालू असताना आई बसते तशी.

"अहो, कसला वास येतोय?"

"तुला बोलायचं नाही आहे."

"बोलत नाहीये. खोकतेय."

चाळिसाव्या मिनिटाला दूध फाटलं. पंचेचाळिसाव्याला पळी उभी राहिली आणि उभीच राहिली. मी चव घेतली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरीही सांगतो, मी आशा सोडली नाही. शहात्तर वर्षांच्या जिभेवर भरवसा तो काय ठेवायचा?

दोघं वेळेवर आली. सूप वाढायची वेळ आली तेव्हा ते पळीतून पडेना, चमच्यानं ढकलावं लागलं. जावयाचा स्वभाव भिडस्त. त्यानं दोन घास चावले (सूप चावलं!) आणि तीन पेले पाणी प्यायला. मुलीनं एकच चमचा घेतला, तो खाली ठेवला, आणि हळूच म्हणाली, "बाबा, सामान बांधायला घ्या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. हिनं मान वर केली नाही. चांगल्या हातानं ती टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करत राहिली. या बाईचं घर मी दीड वाटी मिठात घालवलं होतं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून माफी मागावी तसं मी म्हणालो की दोष माझा आहे, सात कृती फारच कमी पडल्या, निदान सत्तर तरी हव्या होत्या. तुझ्याकडे स्वयंपाकघर मोठं आहे, मला वेळच वेळ आहे. तुमच्यावर भार होऊन राहणार नाही. रोज सकाळी एक करत जाईन.

 जावई गेल्या अठरा वर्षांत आमच्यासमोर बायकोच्या शब्दाबाहेर गेलेला नाही. त्यानं घसा खाकरला.

"मी काय म्हणतो," तो बायकोला म्हणाला, "त्यांना इथं करमतं. उगाच कशाला हलवायचं? स्वयंपाकाला बाई ठेवू."

मुलीनं पातेल्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पातेल्यात. आणि म्हणाली की ठीक आहे, राहा इथंच, सोमवारपासून बाई येईल. मात्र बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पाणीसुद्धा मागून प्यायचं.

ती दोघं जिना उतरून गेल्यावर ही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. आठवडाभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "खरं सांगा हं. मुद्दाम केलंत ना तुम्ही?"

तिच्या आवाजात इतकं कौतुक मी लग्नानंतर ऐकलेलं नव्हतं. मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घसरलो.

"हो," मी म्हणालो. "मुद्दामच."

तिनं क्षणभर मला न्याहाळलं आणि पातेल्यावर झाकण ठेवायला उठली.

"काहीतरीच. तुम्ही मुद्दाम बिघडवायला गेला असतात, तर ते चुकून चांगलं झालं असतं."