सगळं सोबत देणारे सावे

सावे आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले ते चहापत्ती, साखर आणि गाळणी घेऊन. बायकोचा चेहरा पडला. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, गैरसमज नको. समोरच्याकडे काहीच नाही असं धरून चालायचं. फजिती होत नाही."

आचोळ्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर ते एकटे राहायचे. नोकरी लवकर सोडून त्यांनी तीन वर्षं खपून वाचनालयांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. कोणी कुठलं पुस्तक नेलं, ते इंटरनेटच्या पानासारखं पडद्यावर दिसायचं. पण प्रोग्रामला आधी ते पान दाखवणारा सर्व्हर लागायचा, जोडीला नोंदी साठवणारा डेटाबेस, त्या दोघांना जोडणारी एक फाईल, आणि त्या फाईलला ठरावीक आवृत्तीच्या आणखी दोन. मी एकदा मोजलं. प्रोग्राम एक, त्याच्याआधी घालायच्या वस्तू सतरा. सगळ्या एका सीडीवर, सोबत बत्तीस पानांची पुस्तिका. पान पहिलं: 'संगणकाची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये आहे याची खात्री करा.'

हा प्रोग्राम फुकट घ्यायला तयार झालेलं एकच वाचनालय, कामण गावचं. माझा संबंध एवढाच, की स्कूटर माझी.

पहिल्या रविवारी सर्व्हर सुरू होईना. दुसऱ्या रविवारी सर्व्हर झाला, डेटाबेस रुसला. तिसऱ्या रविवारी एका फाईलची आवृत्ती जुनी निघाली. दर वेळी सावे घरी येऊन नवी सीडी करायचे आणि मी पाठदुखीची गोळी घ्यायचो.

"घरच्या मशीनवर चालतंय हो!"

"मग घरचं मशीन पुसून कोरं करा, सावे, आणि त्यावर सीडी लावून बघा. आपले रविवार तरी वाचतील."

"तेवढं सोडून बोला."

चौथ्या रविवारी तिथल्या ग्रंथपाल मंदाताई दारातच म्हणाल्या, "काका, पानी प्या आधी. पन आज नाय झालं तर कमिटी मशीन शाळेला देनार. माझी रजिस्टरं बरी, कधी रुसत नाय."

सावेंनी पाणी घेतलं नाही. सीडी घातली. सर्व्हर चालला, डेटाबेस चालला, पान उघडलं. आम्ही तिघेही वाकलो. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हं.

"ही कुठची भाषा?" मंदाताईंनी चष्मा पुसला.

आमच्या ऑफिसात हे मी पाहिलं होतं. "सावे, मराठीचा फॉण्ट दिलाय का सीडीत?"

"तो कशाला द्यायचा? तो असतोच."

"कुठे असतो?"

ते खुर्चीत बसले. "सुमननं टाकला असणार," ते म्हणाले. "मला वाटलं, मशीनबरोबरच येतो."

सावेंच्या पत्नी सुमनवहिनी घरच्या त्याच संगणकावर लोकांच्या लग्नपत्रिका टाईप करायच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

मंदाताईंनी दोघांकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी या. कमिटीला मी बघते."

संध्याकाळी सावेंनी मला वर बोलावलं. वहिनींच्या नावाचा फोल्डर पडद्यावर होता. "मी हा उघडलेला नाही. तुम्ही उघडा."

फॉण्ट मिनिटभरात सापडला. पुढच्या रविवारी कामणला पानं मराठीत उमटली, हे आधीच सांगून टाकतो. पण फोल्डरात फॉण्टखेरीज दोनशे बारा पत्रिका होत्या. मी फोल्डर बंद करायला गेलो, तर सावेंनी माझा हात धरला.

"एक उघडा ना."

विरारच्या कुठल्याशा मुलीचं लग्न. आमच्या दोघांच्या ओळखीचं त्यात कोणी नव्हतं. सावेंनी ती मोठ्याने वाचली; मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची नावं, काही न गाळता. मग खुर्ची थोडी पुढे ओढली.

"आता दुसरी," ते म्हणाले.