रेडिएटरची उष्टी हळद

फियाटची एका जागची गळती थांबली की दुसऱ्या जागची सुरू व्हायची, आणि नरेंद्रमामा दर वेळी छाती पुढे काढून सांगायचे, "आता ही शेवटची बरं का!" अशा शेवटच्या गळत्या सहा महिन्यांत अकरा झाल्या. आधी रेडिएटरचा वरचा रबरी होज, मग खालचा, मग वॉटर पंप, मग हेड उतरवून नवी गॅस्केट. शलाकामामींची कणीक मळायची परात थेंब झेलायला गाडीखाली गेली ती पुन्हा स्वयंपाकघरात आलीच नाही.

गाडी मामांची नव्हतीच. ती त्यांच्या बहिणीच्या, अंजनीच्या नवऱ्याची, बाळाजीदाजींची. दाजी गेले आणि गाडी आठ वर्षं प्लास्टिकखाली उभी राहिली. भाच्याचं, सुजितचं लग्न ठरलं तेव्हा अंजनीने एवढंच मागितलं, "दादा, पोराची उष्टी हळद नवरीकडे ह्यांच्या गाडीतून जाऊ दे. ह्यांचा हात लागल्यासारखं होईल." बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. मामा नाही म्हणणार थोडेच!

हळदीच्या दिवशी सुजितच्या अंगाला लावून उरलेली हळद वाटीत आली आणि वाटी मामींच्या मांडीवर बसली. अंजनीने बजावलं, "अकराच्या आत बदलापूरला पोचा. ही हळद लागल्याशिवाय नवरीला अंघोळ नाही. तिकडे किर्ती पाटावर ताटकळेल बिचारी."

अंबरनाथ सुटलं आणि अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा लालात गेला. बॉनेट उघडलं तर वाफेचे लोट, आणि रेडिएटरच्या सांध्यातून पाण्याची धार.

"शेवटची होती ना?" मामींनी विचारलं.

मामांनी उल्हासनगर कॅम्प चारच्या बबन मेकॅनिकला फोन लावला.

"सेठ, टेन्शन नाय घ्यायचं," बबन म्हणाला. "हल्दी आहे का? रेडिएटर थंड होऊ द्या, झाकण खोला, हल्दी टाका. चीर बुजते. ट्रकवाल्यांची पुरानी आयडिया."

मामांनी हळूच मामींच्या मांडीकडे पाहिलं.

"अहो, इकडे बघूच नका!"

"अगं, एक बोटभर."

"नवरीची हळद आहे ती! आपण रिक्षा करू."

"अंजनीने दाजींच्या गाडीतून मागितलंय गं," मामा म्हणाले. मग मामींच्यानेही नाही म्हणवेना.

अर्ध्या तासाने झाकण उघडलं. एक बोट हळद गेली, डिकीतल्या कॅनचं पाणी गेलं. धारेची झाली थेंबाथेंबाची माळ. दुसरं बोट गेलं, तिसरं गेलं. शेवटचं तर मामींनी स्वतःच वाटी निपटून दिलं, कारण आता थेंब मिनिटाला एकच पडत होता आणि माणसाला हाव सुटते.

अकराला पाच कमी असताना फियाट नवरीच्या दारात उभी राहिली. किर्तीची काकू काशी वाटी घ्यायला पुढे आली.

"अगं बाई, वाटी चाटून आणलीत की काय?"

मामांनी मान खाली घालून खरं ते सांगितलं.

"म्हणजे नवऱ्याची उष्टी हळद आधी गाडीला लागली?" काशीने कपाळावर हात मारला. "वर आमच्या पोरीला सवत घेऊन आलात!"

अंजनीला काय तोंड दाखवायचं, या विचाराने मामा मांडवाच्या खांबाला टेकले. तेवढ्यात नवरीची आजी, गोजरबाई, काठी टेकत आली. तिने वाटी उजेडात धरली. तळाला पिवळा डाग होता.

"काशे, विरजनाला दही कितीक लागतं गं?"

आजीने ताजी हळद त्याच वाटीत ओतली, बोटाने ढवळली. "झाली उष्टी. लावा पोरीला."

मामांनी भर मांडवात आजीचे पाय धरले. मामींचेही डोळे भरून आले.

हळद लागली, हसणं-खिदळणं झालं, आणि नखशिखांत पिवळी झालेली किर्ती दारात आली. अंबरनाथला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मालाची तपासणी करणारी मुलगी ती. "मामा, सवत दाखवा तरी!"

बॉनेट उघडताच तिने रेडिएटरच्या झाकणावरचा आकडा वाचला. "हे झाकण ह्याच गाडीचं?"

"छे! दाजींचं गंजकं होतं. मी पहिल्याच दिवशी नव्या गाडीचं आणून बसवलं. कसं घट्ट आहे बघ!"

"तिथंच गडबड झाली, मामा. ह्या गाडीला याच्या निम्म्या दाबाचं झाकण लागतं. हे दाब सोडतच नाही. मग पाणी जिथे कच्चं सापडेल तिथून बाहेर येणार."

अकरा दुरुस्त्या मामांच्या डोळ्यांसमोरून रांगेने गेल्या. दाब साठू नये म्हणून किर्तीने झाकण सैल करून पहिल्या खाचेवरच ठेवलं. "सावकाश न्या. घरी गेल्यावर जुनंच लावा."

घरी येऊन मामांनी पत्र्याच्या डब्यातून दाजींचं झाकण शोधलं, घासलं, बसवलं. अंजनीने त्यावरून एकदा हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. इंजिन तासभर चालू ठेवलं तरी कागद कोरडा ठणठणीत.

सुजित खिडकीत आला तेव्हा मामा बॉनेटसमोर हात जोडून वाकले होते.

"मामा, गाडीच्या पाया पडताय?"

"गाडीच्या नाही रे," मामा म्हणाले. "तुझ्या होणाऱ्या बायकोच्या. तिथं सगळ्यांसमोर लाज वाटली."