घाटावरचे ग्रंथपाल

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यातलं बरंचसं केंदूरच्या रंगनाथआप्पांमुळे झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही जणांना हसू येईल. मलाही येतं.

आप्पा आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. पण त्यांना मी सगळ्यात जास्त ऐकलं ते वाचनालयात नव्हे, दशक्रियेच्या घाटावर.

आमच्याकडे दशक्रिया म्हणजे मोठी सभाच असते. नदीकाठी मांडव, सतरंज्या, माईक. आधी प्रवचन होतं, मग पुढारी एकेक करून श्रद्धांजली वाहतात. गेलेल्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलंही नसतं, पण त्यावाचून त्यांचे शब्द अडत नाहीत. पुढाऱ्यांचं झालं की आप्पा उठायचे. खिशाला दोन पेनं, पायजम्याला सायकलसाठी लावलेली क्लिप तशीच. माईक घेऊन घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "कैलासवासी बबनराव आपल्या वाचनालयाचे सभासद होते. शेवटी त्यांनी कोंबडीपालनाचं पुस्तक नेलं होतं. ते अजून आलेलं न्हाई. नोंद घ्यावी."

आणि खाली बसायचे.

'नोंद घ्यावी' हे त्यांचं पालुपद. आमटीत मीठ कमी पडलं तर बायकोला म्हणायचे, नोंद घ्यावी. एसटी उशिरा आली तर कंडक्टरला म्हणायचे, नोंद घ्यावी. कुणीच काही घ्यायचं नाही, पण आप्पांचं समाधान व्हायचं.

घाटावर हे कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "लेका, माणसं वाचनालयात येत न्हाईत," ते म्हणाले. "मग जिथं माणसं हायेत तिथं वाचनालयानं जायला नको? लग्नात गेलो तर डीजे. हितं निदान गप बसत्यात."

गावात वाचनालय दिसावं म्हणून त्यांनी काय काय केलं ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. सकाळी रांजणगावच्या कंपन्यांच्या बस सुटायच्या तिथं ते पिशवीभर पुस्तकं घेऊन उभे राहायचे. पोरं म्हणायची, "आप्पा, बसमधी झोपतो तेवढीच आमची झोप." कुटुंबांनी गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ वाचनालयाला काहीतरी द्यावं, हे मात्र त्यांनी घाटावर बोलून बोलून लोकांच्या गळी उतरवलं. लोकांनी दिली ती भिंतीवरची घड्याळं. प्रत्येकाच्या तबकडीवर एकेका मयताचं नाव. सेल बदलायची जबाबदारी कुणी घेतली नाही, त्यामुळे प्रत्येक मयत वेगळ्या वेळेला थांबलेला.

त्या घड्याळांखाली बसून मी शिकलो. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. वडील जमिनीवर स्थिरावले, पण घरात वाचता येणारा पहिला माणूस मीच. आप्पांनी मला कधी उपदेश केला नाही. फक्त एक नियम होता, तो सगळ्या गावाला लागू होता. गोष्टीचा शेवट ते कुणाला सांगायचे नाहीत. खुद्द सरपंचांनी एकदा निम्मी कादंबरी परत करून विचारलं होतं, शेवटी काय होतं तेवढं सांगा. आप्पांनी पुस्तक पुन्हा त्यांच्या हातात दिलं. "शेवट वाचनालयात सांगून मिळत न्हाई. न्यावा लागतो. नोंद घ्यावी."

शेवटासाठी वाचत वाचत मी पदवीपर्यंत पोचलो. आता दौंडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्यासाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं, म्हणजे शिकवत नाही का? मी नाही म्हटलं. मग पुस्तकांवर लक्ष ठेवायला पगार देतात का, असंही विचारलं. हे आप्पांना सांगितल्यावर ते हसले नाहीत. मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

दुपारी वाचनालय रिकामं असायचं. त्या वेळी शांताकाकू, म्हणजे आप्पांच्या घरच्या, चहाची किटली आणि निवडायची मेथी घेऊन यायच्या. काकूंना अक्षरओळख नव्हती. त्या मेथी निवडायच्या आणि आप्पा मोठ्यानं वाचायचे. मधेच काकू म्हणायच्या, "थांबा, त्या बाईचं काय झालं ते परत वाचा." माझ्या आठवणीत त्या वाचनालयाला इतका चांगला सभासद दुसरा नव्हता.

मग तो कावळा आला.

वरच्या आळीतले तुकाराम आबा गेले. त्यांच्या दशक्रियेला कावळा पिंडाला शिवेना. आमच्याकडे समजूत अशी की इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मुलांनी हात जोडून सांगितलं, भांडणार नाही. सुनांनी सांगितलं, सासूबाईंना सांभाळू. नातवानं दारू सोडतो म्हणून सांगितलं. कावळे झाडावर गप्प. ऊन चढलं, लोक उपाशी.

मागून आप्पा माईकपर्यंत गेले. "आबांनी नेलेलं पुस्तक घरी राहिलंय. नोंद घ्यावी."

दुसरा काही उपाय उरलाच नव्हता. थोरला मुलगा मोटारसायकलवर घरी पळाला, माळा धुंडाळला, पुस्तक आणून पिंडाजवळ ठेवलं. आणि कावळा शिवला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयापुढं रांग लागली. गादीखालची, ट्रंकेतली, पिठाच्या डब्यामागची पुस्तकं बाहेर आली. दौंडला दिलेल्या एका लेकीनं एसटीच्या ड्रायव्हरकडं पुस्तक पाठवलं. आप्पा रात्री मला फोनवर सांगत होते, "संपत, गावानं वाचनालयाला मानलं रं." मलाही बरं वाटलं.

त्यानंतर एकही पुस्तक बाहेर गेलं नाही.

पुस्तक घरात राहिलं तर जीव अडकतो, असं गावाच्या डोक्यात पक्कं बसलं. सासवा सुनांना सांगू लागल्या, नगं बाई घरात. आप्पा कंपनीच्या बसपाशी गेले की पोरं मागं सरायची. एक जण म्हणाला, "आप्पा, आत्ताच लगीन झालंय माझं." माझ्या आईनंही मला दौंडला फोन करून विचारलं, दिवसभर तिथं पुस्तकांतच बसतोस का रे. आप्पा दारोदार फिरून समजावत राहिले की तो योगायोग होता. पण घाटावर माईकवरून त्यांनीच सांगितलेलं, ते आता त्यांच्याच तोंडून खोटं कोण मानणार?

ग्रामसभेत वाचनालयाच्या खोलीचा विषय निघाला. पोरांना व्यायामशाळा हवी होती. सरपंच वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "आप्पा, एकबी पुस्तक बाहेर न्हाई. म्हंजी गावाला गरजच न्हाई ना?"

"सगळी पुस्तकं जाग्यावर हायेत," आप्पा म्हणाले. "असं वाचनालय तालुक्यात दुसरं दावा."

लोक हसले. मी मुद्दाम दौंडहून आलो होतो. उठलो, बोललो. मेंढरांमागचा पोरगा या खोलीमुळं पदवीधर झाला, हे सांगितलं. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग व्यायामशाळेचा ठराव मंजूर झाला.

पुस्तकं पोत्यांत भरून आप्पांच्या गोठ्यात गेली. घड्याळं ज्याची त्याला परत देऊ केली, कुणी घेतली नाहीत. वाचनालयाच्या वेळेला आप्पा गोठ्यात खुर्ची टाकून बसायचे. काकू मेथी घेऊन यायच्या. एक जाड कादंबरी चालू होती. तिच्यातला माणूस घर सोडून लांब गेलेला आणि परत यायला निघालेला. काकूंना त्या माणसाची फार काळजी.

ती कादंबरी निम्म्यावर असताना काकू आजारी पडल्या. शिरूरच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या आप्पांना म्हणत होत्या, "त्यो घरी पोचतो का न्हाई, तेवढं सांगा."

"घरी चल. वाचू," आप्पा म्हणाले.

काकू घरी आल्या नाहीत.

दशक्रियेला अख्खा गाव होता. त्या दिवशीही कावळा शिवेना. लेकींनी सांगून झालं, जावयांनी सांगून झालं. मग सगळे आप्पांकडं बघायला लागले. कुणीतरी माईक पुढं केला, तो आप्पांनी हातानं बाजूला सारला. पिंडाजवळ गेले, उकिडवे बसले. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"पोचतो गं," ते म्हणाले. "त्यो घरी पोचतो. समदी दारात उभी असत्यात."

मग उठून लांब गेले. लोकही पांगले. कावळा आला आणि शिवला. कशामुळे, ते मला सांगता येणार नाही.

दौंडला परत आलो. आमच्या कॉलेजच्या कपाटात त्याच कादंबरीची प्रत होती, कुणी न उघडलेली. आमच्याकडं मुलं फोन चार्ज करायला येतात. मी ती घरी नेली आणि शेवटापर्यंत वाचली.

तो माणूस घरी पोचत नाही. वाटेतच संपतो. घरी कुणाला कळतही नाही.

त्यानंतर मी आप्पांना पत्र लिहिलं. ते असं :

ती. आप्पांना,
शि. सा. नमस्कार.

ती कादंबरी मी वाचून पूर्ण केली. शेवट मी कुणाला सांगणार नाही.

वाचनालय पुन्हा उभं राहील असं लिहायला बसलो होतो. पण मला तसं वाटत नाही. तुम्हालाही वाटत नसेल.

तुम्ही गोठ्यात बसायचं सोडलंय, असं आई फोनवर म्हणाली. ती म्हणाली, शांता होती तवर मला तिकडं जायला लाज वाटायची, दोघांच्या मधी कशाला बसायचं. आता तिला यायचं आहे. तिलाही वाचता येत नाही. पुस्तक घरी नेणार नाही म्हणते, तिथंच बसून ऐकणार. भीती अजून गेलेली नाही.

रविवारी दुपारी मी तिला घेऊन येतो. पोती मी उचलीन. कुठलं पुस्तक काढायचं ते तुम्ही ठरवा. तिनं कितीही विचारलं तरी शेवट सांगू नका.

मेथी आई आणणार आहे. नोंद घ्यावी.

आपला,
संपत