निंबखेडची भरीत-मोहीम, अर्थात वना हिलाल खेळाचा कारभारी कैसा जाहला

पद्मालयीचे उभय गणराय, जे एकाच गाभाऱ्यात शेजारी बसून आजवर परस्परांशी तंडले नाहीत, त्यांस साष्टांग दंडवत घालून, आणि खानदेश मुलुखाच्या काळ्या मातीस मस्तक लावून, शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, मौजे निंबखेड, परगणे एरंडोल येथे कबड्डीचे जे घोर समर जाहले, त्याची हकीकत जैशी घडली तैशी येथे लिहिली असे.

ते समयी राजमान्य राजश्री वना हिलाल हे जळगाव मुक्कामी पदार्थविज्ञानात एम.एस्सी.ची मोहीम चालवीत होते. अंगाने काटकुळे, मैदानात उतरले तर पहिल्याच पकडीत चीत होणारे, परंतु खेळाचा बंदोबस्त म्हणजे जीव की प्राण. आणि पुण्यास क्रीडा-व्यवस्थापनाचा नवा अभ्यासक्रम निघाला, हे वर्तमान कानी पडताच त्यांनी अर्ज धाडिला, आणि जागाही मिळविली, आणि मग वडील हिलाल आबा यांच्या दरबारी, म्हणजे खळ्यातील बाजेसमोर, रुजू होऊन रुखसत मागितली.

आबांनी बिडी विझविली आणि बहुत विचार करून फर्माविले, "खेळनारा बहू दख्यात. खेळना कारभारी कथा ऱ्हास रे?"

वना यांनी अर्ज केला की, मोठ्या शहरी असतो.

आबांनी हुकूम केला की, मग आधी गावी होऊन दाखवावे. निंबखेडच्या सामन्यांची कीर्ती मुलूखभर होती, ती अशी की अंतिम सामना आजवर कधी अंती गेलाच नव्हता. गेल्या साली चुन्याच्या रेघेवरून काठ्या निघाल्या, त्याआधल्या साली पंचच केळीच्या बागेत परागंदा जाहले. सबब, यंदाचा अंतिम सामना काठी न उगारता, दिवस मावळण्याआत शेवटच्या शिट्टीपर्यंत नेला तर पुणे. न नेला तर दोंडाईच्यास मामांच्या खताच्या दुकानी कायमची तैनाती. दुसरी तोड नाही.

मग वना यांनी कंबर बांधिली. मैदानाचे दोन्ही कर्ण सुतळीने मोजून चुना घातला, जेणेकरून रेघेवर कोणी बोट ठेवू नये. ढेकळे फोडविली, आणि पाणी शिंपून माती अशी राखिली की पाय रुतू नये आणि गुडघाही फुटू नये. पंच म्हणून दोंडाईच्याचे जीवराम मास्तर आणविले, ज्यांचे निंबखेडी सासर नाही आणि प्रतिपक्षाच्या धुळ्यासही नाही. आणि आपल्या फौजेस सक्त ताकीद दिली की, सामन्याआधी अन्नास शिवू नये. एवढा सगळा हिशेब केला. एक मातोश्री मंजुळाबाई तेवढ्या हिशेबात धरल्या नाहीत.

धुळेकरांची फौज सरदार लोटन यांच्या झेंड्याखाली, मेटाडोरात बसून, पारोळ्यावरून दुपारी दाखल जाहली. आणि मातोश्रींनी, पाहुणा आला आणि ताट मांडले नाही असे घराण्यात कधी घडले नव्हते म्हणून, गावच्या समस्त बायांची पलटण खळ्यात उभी केली. तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी भाजली, मिरच्या कुटल्या, कांद्याची पात पडली, कळण्याच्या भाकरी थापल्या, आणि आग्रहाचा असा मारा चालविला की धुळेकर वीर एकामागून एक बाजूस कलंडले.

वना धावत आले आणि म्हणाले, "माय, जेवन सामना नंतर व्हतं ना!"

मातोश्रींनी पळी न थांबविता फर्माविले, "पाव्हना उपाशी मैदानमा जातीन? मी जित्ती शे तोवर हाई व्हवाव नही."

मग सूर्य दोन कासरे उरला, मास्तरांनी शिट्टी ओठांस लाविली, आणि पाहतात तो धुळ्याची फौज निंबाखाली पोटावर हात ठेवून आडवी. मास्तर नियमाचे कडवे. त्यांनी जाहीर केले की, धुळे उभे न राहिल्यास निंबखेडास पुढे चाल. गावाने जयघोष केला. तो ऐकून लोटन कसेबसे उठून बसले आणि गरजले, "आमले जेवाडीसन हारावाना डाव शे हाऊ! तुम्हना गडी उपाशी का? आम्हनं पोट भारी, तुम्हनं हालकं, हाऊ कथाना न्याय?"

बोलणे रास्त होते, म्हणूनच झोंबले. मेटाडोरातून काठ्या उतरल्या, इकडे कुडाच्या काठ्या उपसल्या गेल्या, आणि वना यांच्या डोळ्यांपुढे युरियाची पोती रचलेली दिसू लागली. थांबावे तर दिवस मावळतो, मैदानी दिवे नाहीत. पुढे चाल घ्यावी तर गाव जिंकते, परंतु सामना मरतो आणि काठ्या जगतात.

तेव्हा वना यांस प्रयोगशाळेतील तराजू आठवला. एक पारडे जड जाहले आणि त्यातले काढता येत नसेल, तर दुसऱ्यात घालावे. त्यांनी भर मैदानी हुकूम सोडिला की, निंबखेडच्या फौजेने तत्काळ पंगतीस बसावे, तेच भरीत, त्याच भाकरी, आणि वाढपी धुळेकर.

निंबखेडचे सेनापती मगन खवळले. "जितेल सामना सोडस का रे? तू आमना शे का धुळाना?"

वना म्हणाले, "आज मी कोनाच नही, मगन भाऊ. बठ."

मगन बसले. आणि लोटन यांच्या मुद्रेवर जी प्रभा फाकली ती काय वर्णावी! स्वहस्ते पातेले उचलून ते पंगतीत फिरू लागले. "ल्या भाऊ, आखो एक. धुळानी आन शे तुम्हले. आते कसा नही म्हंतस?" सूड आणि पाहुणचार एकाच पळीने वाढला गेला. वाढता वाढता काठ्या कोठे टेकल्या, कोणास स्मरेना.

मग समर जाहले. ऐसे समर खानदेशाने देखिले नव्हते. चढाईस जाणारा वीर चालत जाई, पकडणारे वीर त्यास बसून धरीत, आणि धरिल्यावर उभयपक्षी उठण्यास विलंब लागे. गुण बरोबरीत आले, सूर्य झाडांच्या शेंड्यांस टेकला, आणि अखेरच्या चढाईस खासे मगन निघाले. एक गडी टिपला असता तर फत्ते; परंतु रेघेपलीकडे जाताच 'कबड्डी'च्या मध्यात भरिताने वर धाव घेतली, आणि ऐसा प्रचंड ढेकर आला की दम तुटला. मास्तरांनी हात वर केला. गडी बाद. धुळे एका गुणाने विजयी.

आबांच्या हाती काठी होती, आणि साऱ्या गावाची नजर त्या काठीवर. आबांनी मगनकडे पाहिले, जे मातीत उताणे पडून आभाळास दुसरा ढेकर अर्पण करीत होते, आणि आबांच्या मिशा हलल्या, आणि मग खांदे हलले, आणि मग आबा काठीवर भार देऊन इतके हसले की डोळ्यांस पागोट्याचे टोक लावावे लागले. मग मगन हसले, धुळे हसले, अवघे गाव हसले. आणि त्या गदारोळात मास्तरांनी शेवटची शिट्टी वाजविली, जी निंबखेडच्या कानांनी प्रथमच ऐकिली. त्यानंतर दिवस मावळला.

पुढे वना यांनी परीक्षा देऊन पुण्यास कूच केले. जळगावच्या स्थानकी निरोपास आबा खासे आले, ट्रंक येष्टीच्या टपावर चढविली, आणि कंडक्टरास बाजूस घेऊन बजाविले, "भाऊ, पोऱ्याले खिडकीपन बसाड. हाऊ आमना वना. खेळना कारभारी शे."

हा किताब वना यांनी पायरीवर उभे राहून स्वकर्णी ऐकिला. पुण्याची सनद त्यांस पुढे मिळाली, परंतु ही आधी मिळाली. सामना हरला, गाव राखिले, पुणे घेतले. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती लिहून पुरी केली असे.