एक खांब उघडा ठेव

आम्ही दोघं शेवटचं कुठं गेलो, तर लाकडाच्या टॉवरला टकटक करायला.

खोटं नाही सांगत. काळाचौकीची आमची चाळ पाडून तिथं वीस मजले उठणार, तेही लाकडाचे! बिल्डरचा साहेब म्हणाला, फळ्यांवर फळ्या चिकटवून दाबतात, एकदम मजबूत. माझं डोकंच चालेना. लाकूड कुजलं म्हणून चाळ पाडायची, आणि परत लाकडाचीच बांधायची? वाळवी लागली तर? आग लागली तर?

"काका, जाड लाकूड वरवर जळतं. आतलं शाबूत राहतं."

मी मान हलवली. कळलं काही नाही.

बायको, आमची इंदू, मात्र खूश. तिला एक खोड होती. घरात शिरताना चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची. स्वतःच्या घराच्या! विचारलं तर म्हणे, "घराला कळायला नको, कोण आलंय?" डोंबिवलीला बहिणीच्या ब्लॉकमध्ये एक रात्र टिकली नाही. "भिंती मेल्या मुक्या!" मी आत असलो की तिची टकटक झाल्यावर खोकायचो. बिडीचा खोकला, आपोआप यायचा.

तर नमुन्याची खोली बघायला गेलो. हिनं पांढऱ्या भिंतीवर टकटक केली. आवाज पोकळ.

"लाकूड कुठाय रे?"

"आत आहे, आजी. आगीसाठी वरून बोर्ड लावतात."

"एवढं लाकूड आणायचं नि गोधडीत गुंडाळायचं? दाराजवळ एक खांब तरी उघडा ठेव बाबा. नायतर मी नाही येणार."

"ठेवतो, आजी." साहेब हसत होता.

मी म्हटलं, "तुला घर पायजे की खांब?"

"तुम्हाला नाही कळायचं."

घरी आलो. दिवेलागणीला बसल्या जागीच गेली. रात्रीच भोईवाड्याच्या स्मशानात पोचवून आलो.

शेजारची कुसुम रडत होती. म्हणाली, "भावोजी, ती टकटक तुमच्या गिरणीतल्या रात्रपाळीपासूनची. दिवसा तुम्ही झोपलेले असायचात ना! खोकलात तर जागे, मग आत जायची. नायतर इथंच गॅलरीत तांदूळ निवडत बसायची."

गिरणी बंद पडून जमाना झाला. इंदूला कोणी सांगितलं नव्हतं की काय?

सकाळी दूध घेऊन आलो. दार उघडंच होतं. चौकटीवर टकटक केली. थांबलो. आत कोणी खोकलं नाही.

मग पिशवी मांडीवर घेऊन गॅलरीतच बसलो.