वेन क्रॅब्ट्रीची पदवी

विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाच्या अर्जातला चौथा प्रश्न होता : ‘तुमच्या आईकडे किंवा वडिलांकडे विद्यापीठाची पदवी आहे का?’ जोडी क्रॅब्ट्रीने पेन कागदावरून न उचलता ‘हो’ लिहिलं आणि पुढे ‘वडील, भौतिकशास्त्र’ अशी अभिमानाने भर घातली.

दहाव्या दिवशी नकार आला.

“बाबा, नाही म्हणाले.” जोडीने पत्र वेनच्या चहाच्या मगला टेकवून ठेवलं. “ज्या घरातून आजवर कुणी विद्यापीठात गेलं नाही, त्या घरातल्या मुलांनाच घेतात म्हणे. आपल्याकडे तू आहेस.”

“तरी मला आई सांगत होती,” टोस्टला लोणी लावत शेरिल म्हणाली, “फार शिकलेला नवरा करू नकोस.”

वेनने पत्र दोनदा वाचलं. इंग्लंडातल्या बार्न्स्ली गावात बस चालवणाऱ्या या माणसाकडे कुठलीही पदवी नव्हती. लग्नाच्या जेवणात सासऱ्याने सगळ्यांदेखत “शिक्षण काय झालंय?” असं विचारलं आणि तिसऱ्या बिअरच्या जोरावर वेन “फिजिक्स” म्हणाला, एवढंच काय ते घडलं होतं. पुढे वीस वर्षं कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. जोडीचा भौतिकशास्त्राचा गृहपाठसुद्धा सकाळी पावणेआठच्या बसमधले एक निवृत्त मास्तर शेवटच्या थांब्यावर सोडवून देत.

पण आता गोष्ट जर्मनची होती. जोडीच्या शाळेने जर्मन बंद केलं, कारण वर्गात तीनच पोरं उरली. तेव्हापासून ती दर मंगळवारी आणि गुरुवारी बापाच्याच बसने शेजारच्या गावातल्या शाळेत जायची आणि मागच्या सीटवर बसून स्वतःशीच जर्मनमध्ये भांडायची. हा उन्हाळी वर्ग म्हणजे विद्यापीठात एक आठवडा राहायचं, आणि तो नीट पार पाडला की पुढच्या वर्षी भाषेच्या पदवीला एक श्रेणी कमी असली तरी प्रवेश. तेवढी एक श्रेणीच तिला भारी जाणार होती.

शेवटच्या थांब्यावर चौदा मिनिटांची सुट्टी असते. वेनने तेवढ्यात विद्यापीठाला फोन लावला. उन्हाळी वर्गाचं काम बघणारी रुबीना अख्तर फोनवर आली. बोलण्यावरून ती स्वतःच नुकती कॉलेजातून बाहेर पडल्यासारखी वाटत होती.

“मॅडम, मी जोडी क्रॅब्ट्रीचा बाप, बस चालवतो. तिच्या अर्जात जरा चूक झालीय. माझी पदवी... म्हणजे ती आता नाहीये.”

“नाहीये म्हणजे? काढून घेतली?”

खरं सांगायला एवढी सोपी संधी पुन्हा मिळणार नव्हती. वेनने ती घालवली. “तसंच काहीसं.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “बसचालकाची पदवी काढून घेतली? कुठल्या विद्यापीठाने?”

वेनला बसने कसं जायचं हे माहीत असलेलं विद्यापीठ एकच होतं. त्याने ते सांगितलं.

“म्हणजे आम्हीच?” रुबीना म्हणाली. “मिस्टर क्रॅब्ट्री, तुम्ही काही काळजी करू नका. मी याचा छडा लावते.”

तिने खरंच लावला. नोंदणी विभागात लायनेल पिकर्सगिल नावाचे शांत गृहस्थ बावीस वर्षं पदव्यांची दप्तरं सांभाळत होते. त्यांना वेन क्रॅब्ट्री कुठेच सापडला नाही. पण एकोणीसशे नव्याण्णव साली तळघरात पाइप फुटून तीन वर्षांच्या नोंदींचा लगदा झाला होता, आणि वेनने सांगितलेलं साल नेमकं त्यातलंच निघालं. नोंद नाही आणि पाइप फुटलेला, म्हणजे नोंद पाइपाने नेली. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. विद्यापीठाने माफीचं पत्र धाडलं. शेरिलने ते फ्रिजवर लावलं आणि ते बघायला सगळ्या गल्लीला स्वयंपाकघरात येऊ दिलं.

दोन दिवसांनी रुबीनाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “पालकांच्या सभेत आमच्या डीन मॅडम स्वतः तुम्हाला नवं प्रमाणपत्र देणार आहेत. तुम्ही पाच मिनिटं बोला. पदवीधर बसचालक, मुलगी जर्मनच्या मागे, असं कुणी समोर पाहिलं की लोकांना धीर येतो.”

“आणि जोडीच्या अर्जाचं?”

“ती मात्र आता नियमात अजिबात बसत नाही हो. आधी नुसता तुमचा शब्द होता, आता लेखी पुरावा आहे.”

सभा शुक्रवारी सहाला होती आणि उन्हाळी वर्गाचे अर्ज त्याच दिवशी सातला बंद होणार होते. डेपोतल्या पाच जणांनी पाळ्या बदलून घेतल्या. शेरिलने निळा कोट इस्त्रीला दिला. जोडीला तर आपला नकार आठवतही नव्हता. “बाबा, तू स्टेजवर जाणार,” एवढंच ती बसमध्ये सगळ्यांना सांगत सुटली होती. वेनला ते नकारापेक्षा जास्त लागत होतं.

सभागृह भरलेलं होतं. बरेचसे पालक नकार आलेल्या पोरांना घेऊन, काही जमतंय का बघायला आले होते. डीन हेपवर्थ मॅडमनी जाड कागदाची गुंडाळी उलगडून वेनच्या हातात दिली. त्यावर त्याचं नाव इतक्या सुरेख वळणात लिहिलं होतं, की ते आपलंच आहे हे त्याला पटायला वेळ लागला. वीस वर्षांचं खोटं आता शाई आणि शिक्क्यानिशी खरं झालं होतं. फक्त घरी न्यायचं बाकी होतं. भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते.

“हे माझं नाही,” वेन माइकमध्ये म्हणाला.

डेपोतले पाच जण हसले. त्यांना वाटलं, विनय आहे.

“नाही, खरंच नाही. माझ्याकडे पदवी नाही. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा मुलाखतीला बोलावलं होतं या विद्यापीठाने. आलो पण होतो. बाहेर तीन दारं दिसली. कुठल्या दाराने आत जायचं, ते विचारायची लाज वाटली. समोरच्या थांब्यावर तासभर बसलो आणि परत गेलो. घरी सांगितलं, नाही घेतलं म्हणून.” त्याने गुंडाळी मॅडमच्या हातात ठेवली. “माझी पोरगी आत जाण्याआधी दार विचारते. जर्मनमध्येपण विचारते. अजून अठरा मिनिटं आहेत. तिचा अर्ज घ्या.”

मग रुबीना धावत बाजूच्या टेबलाशी गेली आणि नवा अर्ज काढला. “जोडी, लवकर ये. चौथा प्रश्न आधी.”

जोडी बापाशेजारून जाताना थांबली. “मग माझं फिजिक्स कोण करत होतं?”

“पावणेआठच्या बसमधले एक मास्तर.”

“आभार मान त्यांचे,” जोडी म्हणाली. तिने बापाचा हात एकदा घट्ट दाबला आणि पळाली.

शेरिल कोट सांभाळत आली. वेन मान खाली घालून उभा राहिला. “तासभर थांब्यावर बसला होतास?” तिने विचारलं. “थंडीत?” एवढंच. बाकीचं बहुधा घरी होणार होतं.

इतक्यात तिसऱ्या रांगेतून एक दणकट गृहस्थ उठला. “ताई, तो अर्ज बदलता येतो का? माझं इंजिनिअरिंगचं जरा... बायकोला सांगितलं होतं तेवढंच आहे.” त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग एक बाई उठल्या. मग एक दाढीवाला, त्याच्या मागे त्याचा भाऊ. पाच मिनिटांत टेबलासमोर अकरा जणांची रांग लागली.

“बाबा,” अर्जावर शिक्का घेऊन आलेली जोडी म्हणाली, “जागा चाळीसच आहेत. तू मला हे एवढे स्पर्धक वाढवून ठेवलेस.”

“तुझा अर्ज पोचला ना?”

“पोचला. आणि मी बसते, असं त्या म्हणाल्या.” तिचे डोळे लखलखत होते. “जाहीर पुराव्यासकट.”

सात वाजायला चार मिनिटं असताना रांगेत आणखी एक माणूस येऊन उभा राहिला. करडा कोट, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. लायनेल पिकर्सगिल.

“तुम्ही?” वेनने विचारलं.

“मी इथे सतराव्या वर्षी लागलो. टपाल वाटायला,” पिकर्सगिल हळू आवाजात म्हणाले. “पदव्यांच्या खोलीत बसवलं, तेव्हापासून मलाही पदवी असणार, असं सगळे धरूनच चाललेत. मुलीला इटालियन करायचंय.”

“मग उभे काय राहिलात? चला पुढे,” वेन म्हणाला, आणि त्याने त्यांना थेट टेबलाशी नेलं.

पिकर्सगिलनी डीन मॅडम कुठे बघतायत ते एकदा पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं आणि बावीस वर्षं ज्या वळणात इतरांच्या पदव्यांवर नावं लिहिली होती, त्याच सुरेख वळणात चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं : ‘नाही’.