रूलोफच्या सायकलीचा सर्वसंमत निर्णय

आमच्या गावाची बस बंद करण्यात आली, आणि बस बंद झाल्यामुळे प्रवाशांची पूर्वीपेक्षा चांगली सोय होणार आहे, असे पत्रक थांब्यावर लावण्यात आले. मी ते चष्मा लावून दोनदा वाचले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

त्याच सुमारास माझा मुलगा रूलोफ याला ग्रोनिंगन शहरात नोकरी लागली. आमचा हॉलंडचा हा मुलूख समुद्राच्या पातळीखाली आहे, आणि ज्या कचेरीतून पाणी उपसणारे पंप चालवले जातात, तीच ही कचेरी. हिवाळाभर उमेदवारी होती आणि तिची अट एकच होती: सकाळी आठच्या ठोक्याला पंपांसमोर हजर. रात्रपाळीचा माणूस उठला आणि दिवसपाळीचा बसला नाही, तर मधल्या वेळात समुद्र आपला हक्क सांगू शकतो, असे तिथल्या विभागप्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. आमच्याकडे या विषयावर कोणी विनोद करत नाही. रूलोफची आधीची कचेरी तो नोकरीत असतानाच बंद झाली होती. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी मिळेल, असे त्याला स्वतःलाही वाटत नव्हते.

उपाय त्यानेच शोधला. शेजारच्या गावातले एक शाळामास्तर आपली जुनी रोड बाइक विकत होते. पोलादी सांगाडा, बारीक टायर, खाली वळलेले हँडल, आणि हवेच असतील तर मडगार्ड बसवायला जागा. कामाच्या दिवशी तिच्यावरून कचेरी गाठायची आणि रविवारी मित्रांबरोबर समुद्राच्या बांधावरून लांबवर जायचे, असा त्याचा बेत होता. किंमत त्याच्या खिशाला झेपणारी होती, आणि मास्तर शनिवारपर्यंत थांबायला तयार होते. रूलोफ त्याच संध्याकाळी जाऊन ती घेऊन येऊ शकला असता. परंतु शुक्रवारी माझा वाढदिवस होता, आणि त्याने ही गोष्ट वाढदिवसाला बोलून दाखवली.

वाढदिवसाला आमच्या दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडल्या जातात. प्रत्येकाला कॉफी आणि एक बिस्किट मिळते, त्यानंतर मी डबा बंद करते. गोलात बसलेल्या प्रत्येकाला त्याचे मत विचारले जाते आणि कोणाचेही मत डावलले जात नाही. बहुमत ही घाईत असलेल्या लोकांची सोय आहे. आमच्या घरातला निर्णय सर्वांचा असतो, म्हणजेच तो सर्वांच्या मनासारखा झाल्याखेरीज होत नाही.

प्रथम माझे दीर हार्म बोलले. त्यांनी उभा जन्म नगरपालिकेच्या परवाना खात्यात काढला असून, त्यांच्या कारकिर्दीत गावात एकही बेकायदेशीर खिडकी उघडली नाही. खारट ज्येष्ठमधाची वडी गालात सरकवून त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला.

"परवडणारी म्हणतोस. पण कोणाला परवडणारी, ते आधी ठरू दे."

"मला, काका. पैसे मी देणार आहे."

"हे तुझं वैयक्तिक मत झालं."

मग आमचे जावई बास्तियान सरसावले. त्यांची स्वतःची सायकल घरात भिंतीवर टांगलेली असते, तिच्यावर स्वतंत्र दिवा सोडलेला आहे, आणि वर्षातून एखादा निरभ्र दिवस सापडलाच तर ती जमिनीवर उतरते. स्वस्त सायकल हीच शेवटी सर्वांत महाग पडते, असे त्यांनी सांगितले. पोलाद आता कोणी वापरत नाही. कार्बनचा सांगाडा एका बोटावर उचलता येतो. सायकल बोटावर उचलून रूलोफला कुठे न्यायची आहे, हे विचारायला रूलोफची पाळी अजून आली नव्हती. जावईबापूंनी माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप मागून घेतली आणि सर्वांसमक्ष त्याच्या मांडीची आतून मापे घेतली. त्या वेळी बायकांनी खिडकीबाहेर पाहिले.

रूलोफची बायको, माझी सून वीट्स्के, व्यवहारी आहे. चिखलाने माखलेल्या पँटी कोण धुणार, एवढेच तिने विचारले, आणि त्या प्रश्नातून दोन मडगार्ड आणि एक अखंड चेनकव्हर निष्पन्न झाले. नवरा संध्याकाळी रिकामाच येणार आहे तर येताना बटाटे आणेल, म्हणून पुढे एक पेटी. पेटी आली म्हणजे सायकल भिंतीला टेकून उभी राहणार नाही, म्हणून दुपायी स्टँड.

मी शेवटी बोलते, म्हणजे माझे म्हणणे लक्षात राहते. आम्हा ओस्टरहोफांच्या घरातला पुरुष, कोणाचे तरी पडलेले बटण शोधत निघाल्यासारखा वाकून कचेरीत जाणार नाही, असे मी स्पष्ट केले. हँडल सरळ असावे, पाठ ताठ राहावी आणि घंटी अशी असावी की समोरच्याला आपली चूक कळावी.

"आई," रूलोफ म्हणाला, "मग ती रोड बाइक कशी राहील?"

नाव बदलण्याची सूचना कोणीही मांडलेली नाही, हे मी त्याच्या निदर्शनास आणले.

शनिवारी मास्तरांनी ती सायकल दुसऱ्याला विकली. हार्म यांनी हे शुभचिन्ह मानले, कारण त्यामुळे घाईचे कारणच नाहीसे झाले होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमण्यात आला. गट दर शुक्रवारी बसे, आणि एकमत झाले की पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा तपासून पाहिले जाई.

दरम्यान नोकरी सुरू झाली होती. म्हणून तात्पुरती व्यवस्था या नावाखाली मी रूलोफला माझी सायकल दिली. ती काळी आहे, भक्कम आहे, मागच्या चाकात झगा अडकू नये म्हणून तिला झग्याची जाळी आहे, आणि माझ्या लग्नाच्या वर्षी ती नवीन होती. तिच्यावरून तो रोज सकाळी उत्तर समुद्राचा वारा छातीवर घेत निघे आणि आठच्या आत पंपांसमोर बसे. रविवारी तो मित्रांमागून बांधावरून तिच्यावरच जाई. ते सगळे चमकत्या घट्ट कपड्यांत पुढे निघून जात आणि बांधावरच्या कॉफीघरात सफरचंदाच्या केकपाशी त्याची वाट पाहत. वाट पाहताना ते दुसरा केक मागवत, त्यामुळे तो त्यांना फार आवडू लागला. एकही दिवस त्याला उशीर झाला नाही. परंतु व्यवस्था तात्पुरती असल्यामुळे ती यशस्वी झाली आहे, याची दखल घेण्याचे कोणाला कारण नव्हते. मी मात्र बेकरीत पायी जात होते आणि हा त्याग मी रोज एकदा बोलून दाखवत असे.

थंडी संपता संपता अभ्यासगटाने आपले काम पूर्ण केले. कोणाचाही मुद्दा गाळलेला नव्हता. कार्बनचा सांगाडा जावईबापूंचा, चेनकव्हर, मडगार्ड, पेटी आणि स्टँड सुनेचे, हँडल आणि घंटी माझी. एवढ्या किमती सांगाड्याला चोरांपासून संरक्षण हवे, म्हणून हार्म यांनी बंदराच्या साखळ्यांइतकी जाड अशी दोन कुलुपे सुचवली, आणि पेटी कोणी वेगळी काढून नेऊ नये म्हणून तिसरे. वाऱ्याने उडून चाकात काही अडकू नये म्हणून झग्याची जाळीही बसवावी, असे कोणीतरी म्हणाले. रूलोफ झगा घालत नाही, हा आक्षेप वेळेत आला नाही. किमतीचा विषय निघाला तेव्हा ती चारजणांच्या विचाराने ठरलेली असल्यामुळे परवडणारीच आहे, असा खुलासा अध्यक्षांनी केला.

आमचा सायकलवाला सीब्रांड याने सगळे जोडले आणि हात पुसत तो माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, एक विचारू? सगळ्यांत हलकी सायकल तुम्हीच मागवलीत आणि ती जड करायला मला आठवडा लावलात. तुमची काळी सायकल तशीच राहू दिली असती तर काय बिघडलं असतं?"

ती अभ्यासगटाच्या विचारासाठी ठेवलेलीच नव्हती, असे मी त्याला सांगितले.

सायकल घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रूलोफच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस होता. पहाटे दव गोठले होते. नवी सायकल निघताना पाहायला मुद्दाम आलेल्या हार्मना तो कोटाची बटणे लावत हळू आवाजात म्हणाला, "काका, आजचा एक दिवस जुन्या सायकलवर जातो. नोकरी पक्की झाली की उद्यापासून हीच."

"चौघांनी मिळून घेतलेला निर्णय तू एकटा पुढे ढकलणार?" हार्म यांना खरोखरच वाईट वाटले होते.

रूलोफने माझ्याकडे पाहिले. मी त्याची कॉलर सरळ केली आणि दार उघडले.

तो आठच्या बऱ्याच आधी कचेरीच्या आवारात पोहोचला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु पेटीमुळे सायकल तिथल्या रांगेतल्या खाचेत बसेना. ती खांबाशी उभी केली तर पहिल्या कुलपाची साखळी खांबाला पुरेना. दुसऱ्या कुलपात दव गोठले होते, ते त्याने तोंडाच्या वाफेने वितळवले. तिसरे कुलूप लागले, आणि त्यात त्याच्या हातमोज्याचे बोटही लागले. तो मोजा तिथेच सोडून धावला तेव्हा आठ वाजून गेले होते. रात्रपाळीचा माणूस जागचा हलला नव्हता, समुद्रही नव्हता. विभागप्रमुख बाई मात्र दारात उभ्या होत्या. त्यांनी उमेदवारी उन्हाळ्यापर्यंत वाढवली आणि पुन्हा उशीर झाल्यास येण्याची तसदी घेऊ नये, असे सांगितले.

"इतके दिवस कुठल्याशा म्हातारीच्या सायकलवर वेळेवर येत होता," त्या म्हणाल्या. "तीच वापरा ना."

हा शब्द रूलोफने घरी जसाच्या तसा सांगायला नको होता.

शुक्रवारी खुर्च्या मांडल्या गेल्या. निर्णयप्रक्रिया निर्दोष होती आणि जे घडले त्याला फक्त घडलेली गोष्टच जबाबदार आहे, यावर सर्वांचे एकमत झाले. रूलोफने पुन्हा काळी सायकल घ्यावी असे ठरले. राहता राहिला प्रश्न नव्या सायकलीचा. सरळ हँडल, बटाट्यांची पेटी, झग्याची जाळी, चुका दाखवणारी घंटी, असे वाहन कुटुंबात नेमके कोणाला शोभेल, याचा सर्वांनी प्रामाणिक विचार केला आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी फार आढेवेढे घेतले नाहीत. तिन्ही कुलुपे सीब्रांडला परत केली. माझी सायकल चोरण्याची हिंमत असलेला माणूस या भागात अद्याप जन्मलेला नाही. आता वारा समोरून असला तरी मी बेकरीत सहज जाते. जावईबापूंचे बरोबर होते, कुलुपे गेल्यावर ती एका बोटावर उचलता येते.

अडचण एवढीच की, माझ्या जुन्या सायकलीचे मागचे चाक आता उन्हाळा पाहणार नाही, असे सीब्रांड सांगतो. आणि बेकरीवाल्याकडून मला असे कळले की शेजारच्या गावातली ती पोलादी रोड बाइक पुन्हा विक्रीला निघाली आहे. जो गृहस्थ ती घेऊन गेला, त्याच्या घरच्यांनी त्याला कार्बनची घ्यायला लावली. रूलोफला हे माझ्या आधी कळले होते. कालच तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"आई, या वेळी कोणाला सांगू नकोस. सोमवारी सकाळी मला कचेरी गाठायची आहे. मी गुपचूप जातो आणि घेऊन येतो."

घराबाहेर एक शब्दही जाणार नाही, असे वचन मी त्याला दिले. खुर्च्या उद्या संध्याकाळी मांडल्या जातील.

या साऱ्या कुटुंबाला आपण हसत होता, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु पोलादी बरी की कार्बनची, मडगार्ड हवेत की नकोत, कुलूप एक पुरे की दोन, याविषयी वाचता वाचता आपले मत तयार झालेलेच आहे. आणि रूलोफने ते एकदा ऐकून घेतले तर त्याचे भलेच होईल, असेही आपल्याला वाटत आहे. तेव्हा बूट पुसून आत या. एक खुर्ची मी जास्तीची ठेवली आहे. बिस्किट एकच मिळेल.